तुमच्या कॉलनीतला साधा दिवस कसा असतोय? पाण्याच्या वाराला आणि एरवी

फर्स्टशिफ्ट

नमस्कार मंडळी. मी संभाजीनगरजवळ वाळूजला एका कंपनीत २४ वर्षं होतो, फर्स्ट सेकंड थर्ड शिफ्ट आलटून पालटून, मागच्या दिवाळीनंतर व्हीआरएस घेतली आणि आता घरीच आहे. मूळचा गेवराई तालुक्यातला, पण घर इथं शहराच्या कडेला, प्लॉटिंग पडलं तेव्हा वीस बाय तीसचा तुकडा घेतला होता, तेव्हा आजूबाजूला तूर आणि कपाशी होती, आता रांगेनं घरं झालीत. सांगायचं असं की इतकी वर्षं या गल्लीत राहून गल्ली दिवसा कशी असती ते मला माहीतच नव्हतं. फर्स्टला असलो की पहाटे साडेपाचची बस आणि दुपारी आल्यावर जेवून झोप, थर्डला असलो की दिवसभर पडदे लावून झोप, मिसेस पोरांना सारखी हळू बोला हळू बोला करायची, सुट्टी आली की गावाकडं. घराचा सगळा दिवस तिच्या एकटीच्या हातात होता, तो मी आता बसून बघायलो.

एरवीचा दिवस लवकर सांगून टाकतो. पाच सव्वापाचला दुधाची पिशवी गेटला. सातला घंटागाडीचं गाणं, ओला सुका वेगळा. साडेआठला शाळेच्या व्हॅनी. दहाला भाजीवाली मावशी, तिच्याकडं मेथी, चुका, अंबाडी, शेपू, आणि उधारी तोंडीच, वहीत काही नाही. बारा ते चार गल्लीत कुत्रं पण हलत नाही. संध्याकाळी कट्ट्यावर बायका लसूण सोलत बसतात. रात्री साडेअकरानंतर सेकंडची बस येती, ब्रेकचा आवाज झाला की समजायचं बारा वाजत आले.

पण पाण्याचा वार वेगळा. आमच्या लाईनीला आठव्या दिवशी पाणी, कधी लांबतं पण. आदल्या रात्री मिसेस अंगणातल्या नळाची चावी उघडी ठेवती आणि खाली स्टीलची ताटली पालथी घालती. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येती, सूं करून, मग दोनचार थेंब टण टण ताटलीवर पडले की तिला आतल्या खोलीत जाग येती. मला अलार्मची सवय, पण त्या ताटलीच्या आवाजानं मी एकदाही उठलो नाही आणि ती एकदाही चुकली नाही.

पहिलं पाणी गढूळ, ते पाच मिनिटं बादल्यात धरायचं, जिन्याला आणि गाडी धुवायला. मग नळाला पांढरं फडकं चौपदरी बांधायचं आणि पहिली भरायची ती पिण्याची घागर. मग तांब्याची कळशी, दोन हंडे, स्वयंपाकघरातली टाकी. मग पाईप लावून हौद, हौद अर्धा झाला की मोटर लावून वरची सिंटेक्स, शेवटी टिपाडं, म्हणजे पाण्याचे ड्रम. मी विचारलं असाच क्रम का, तर म्हणली पाणी कधी जाईल सांगता येतंय का, ज्याच्यावाचून चालत नाही ते आधी. कंपनीत आम्हाला असल्या गोष्टी शिकवायला बाहेरून माणसं बोलावत होते.

आणि अजून एक. आमच्या समोर एक आजी एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. त्यांच्या नळाला प्रेशर नाही, उंचवटा आहे थोडा. मिसेस आमची टिपाडं भरायच्या आधी पाईप रस्त्यावरून ओढून त्यांचा हौद भरून देती. गेली नऊ वर्षं. मला हे या जानेवारीत कळलं.

आता माझा प्रश्न. नवीन पाणी आलं की मिसेस राहिलेलं जुनं ओतून देती, शिळं म्हणती. आठ दिवस वाटी वाटीनं जपलेलं पाणी आणि शेवटी असं मोरीत. थोडं कडीपत्त्याला जातं पण तरी जीवावर येतंय. तुमच्याकडं काय करता? आणि तुमच्या कॉलनीतला दिवस कसा असतोय ते पण लिहा, मोठं काही नको, साधंच.

लातूरची_सून

दादा, शिळं पाणी हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही. कारण सांगते.

२०१६ चा उन्हाळा आम्ही इथंच काढला. मांजरा धरण कोरडं पडलेलं, धनेगावला नुसत्या भेगा. मार्चमध्ये पाणी भरायच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, पाच माणसांनी एकत्र उभं राहायचं नाही, पाण्यासाठी! मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहाच डबे होते, पाच लाख लिटर, नंतर पन्नास डब्यांची यायला लागली. साडेतीनशे किलोमीटरवरून. सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं ते पण आम्हाला त्या दिवसातलं आठवतं ते वेगळंच. भांडी राखेनं घासून कापडानं पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी डाळ भिजवायला, डाळीचं पाणी तुळशीला. पोरांना परातीत उभं करून आंघोळ घालायची म्हणजे ते पाणी फरशी पुसायला मिळतं, आणि पुसलेलं संडासात. एका पाण्याचे चार हात व्हायचे.

आता परिस्थिती बरी आहे पण परात गेलेली नाही. माझी मुलगी आता नववीत आहे, तिला तो उन्हाळा नीट आठवत पण नाही, तरी ती ब्रश करताना मगात पाणी घेते, नळ सोडत नाही. तिला कुणी शिकवलं नाही, बघून आलंय ते.

त्यामुळं तुमच्या मिसेसना माझा निरोप सांगा, ताई, ओतू नका, भांडी घासायला घ्या नाहीतर टिपाड धुवायला घ्या.

आणि साध्या दिवसाचं म्हणाल तर आमच्या घरी दिवस साडेतीनला सुरू होतो. सासूबाईंचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला त्या माहेरीच होत्या, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. त्यांचा एक भाऊ आणि भावजय गेले, दगडमातीच्या भिंती, माळवद अंगावर आलं. तेव्हापासून त्या साडेतीनला उठून अंगणात येऊन बसतात. बारा महिने, थंडीत पण, शाल घेऊन. घरातल्या घड्याळात चार वाजले की उठतात आणि झाडू हातात घेतात. मी लग्न करून आले तेव्हा मला वाटलं होतं यांना झोप लागत नाही. नंतर नवऱ्यानं सांगितलं. मी कधी त्यांना आत येऊन झोपा म्हणाले नाही, फक्त पावणेचारला चहा ठेवते, दोघी तिथं बसून पितो. काही बोलत नाही आम्ही. चार वाजले की त्या सडा टाकतात, मी पीठ काढते.

गोदाकाठ

ताई वाचून गप्पच बसलो दोन मिनिटं.

नांदेडहून लिहितोय. आमच्याकडं पाण्याचं एवढं नाही, नदी उशाला आहे, विष्णुपुरीचं पाणी आहे. पण पाणी भरणं म्हणाल तर नांदेडात सगळ्यात जुनं पाणी भरणं सचखंड गुरुद्वाऱ्याचं. तिथं रोज पहाटे गोदावरीतून गागर भरून नेतात, पाऊस असो थंडी असो. माझे वडील रेल्वेत होते, पहाटेच्या ड्यूटीला जाताना ते कधी कधी दिसायचं म्हणायचे, आणि गागर दिसली की दिवस चांगला जातो असं त्यांचं होतं. मी अजून पहाटे स्टेशनला कुणाला सोडायला गेलो की त्या बाजूनं वळसा घालून येतो.

एरवी आमची सकाळ म्हणजे सुशीला. कॉलनीत आठ वाजता फिरलात तर चार घरातून तोच वास.

तिसरा_मजला

सुशीला म्हणजे? मी मूळची नाशिकची, नोकरीमुळे दोन वर्षं झाली इकडे येऊन. ऑफिसमध्ये पण एकजण डब्यात सुशीला आहे म्हणाला, मला वाटलं बायकोचं नाव सांगतोय.

गोदाकाठ

चुरमुरे हो ताई. चुरमुरे पाण्यात टाकायचे, लगेच काढून दोन्ही हातानी घट्ट पिळायचे. तेलात मोहरी जिरं, शेंगदाणे, कडीपत्ता, हिरवी मिरची, कांदा, हळद, मग चुरमुरे, आणि वरून डाळव्याचं कूट, ते महत्त्वाचं, त्यानं ओलसरपणा ओढला जातो आणि चव येते. कोथिंबीर, लिंबू. झाकण ठेवून एकच वाफ. पोह्यापेक्षा हलकं. चुरमुरे पाण्यात राहिले तर लगदा होतो म्हणून फोडणी आधी करून ठेवायची आणि भिजवायचं शेवटी.

आशाताई

मी आशा स्वयंसेविका आहे, बीड जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाला लागून ज्या नवीन कॉलन्या झाल्यात तो भाग माझ्याकडं आहे. फर्स्टशिफ्ट दादांच्या प्रश्नावर मला लिहायलाच पाहिजे कारण माझं रोजचं काम तेच आहे, घरोघर जाऊन हौद आणि टिपाडात बॅटरी मारून बघणं.

झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं पाणी आठ दिवसात शिळं होत नाही. त्यातलं क्लोरीन उडून जातं एवढं खरं, म्हणून प्यायचं असेल तर उकळून घ्या, वापरायला काही अडचण नाही. पण वहिनी ओतून देतात त्यात एक गोष्ट बरोबर आहे आणि ती म्हणजे भांडं रिकामं होतं. डेंग्यूचा डास चांगल्या पाण्यात अंडी घालतो, गटारात नाही, तो चावतो पण दिवसा. अंड्यापासून डास उडायला साधारण आठ दहा दिवस लागतात. आता तुम्हीच बघा, आपल्याकडं पाण्याचा वार पण तेवढ्याच दिवसांनी. म्हणजे भांडं रिकामं न करता वरूनच भरत राहिलात तर तुम्ही त्याला पूर्ण मुदत देताय.

आणि नुसतं ओतून भागत नाही. अंडी पाण्यात तरंगत नसतात, भांड्याच्या आतल्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, डोळ्याला काळी धूळ वाटते. कोरडं पडलं तरी ती महिनोन् महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की परत सुरू. म्हणून पाणी यायच्या आदल्या दिवशी टिपाडाच्या आतून काथ्यानं खसाखसा घासायचं, ती वरची रेष तर नक्की, आणि तासभर उन्हात पालथं घालायचं. त्याला आम्ही कोरडा दिवस म्हणतो. लातूरच्या ताई म्हणतात तसं राहिलेलं पाणी त्या घासण्यालाच वापरायचं, म्हणजे वाया पण जात नाही. मोठा हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात मिळतात.

कूलरची टाकी विसरू नका. आणि फ्रीजच्या मागचा ट्रे, तो कुणीच बघत नाही.

माझा दिवस असाच असतो, दहा वाजता निघते, टिपाडाचं झाकण उघडते, अळ्या असल्या की वाटीत काढून घरातल्या माणसाला दाखवते. नुसतं सांगितलं तर हो हो म्हणतात. वाटीत वळवळ दिसली की लगेच बाई काथ्या शोधायला जाते.

फर्स्टशिफ्ट

ताई हे सगळं मिसेसला वाचून दाखवलं. ती म्हणली आई घासायची टिपाड उन्हात घालून, मी विसरलेच होते. फ्रीजचा ट्रे आत्ता काढला. होत्या.

वाळ्याची_ताटी

परभणीकर. दुपारबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमच्याकडं एप्रिल मे म्हणजे सगळं दुपारच ठरवते. पारा ४३-४४ ला असतोय, बाजार अकरापर्यंत उरकायचा, लग्नाला जायचं असलं तरी लोक डोक्याला रुमाल आणि खिशात कांदा ठेवून जायलेत. कूलरला दिवसाला तीनचार बादल्या लागतात, आणि त्या आणायच्या कुठून, तर आंघोळीचं साबणाचं पाणी चालत नाही, जाळीला पांढरं धरतं. आमच्या घरी आरओचं जे पाणी वाया जातं ते कॅनमध्ये धरतात, ते फरशीला, कूलरला नाही कारण त्यात क्षार जास्त. हे मी चार वर्षं चुकीचं करत होतो, वाळ्याच्या ताट्या दगडासारख्या कडक व्हायच्या आणि मी ताटीवाल्याला बोल लावायचो.

माझी आजी ७२ च्या दुष्काळातली. खडी फोडायला जायची, मिलो ज्वारीची लाल भाकरी खाल्लेली. ती गेली त्याला दहा वर्षं झाली. तिची एक सवय आमच्या घरात राहिलीय, पाहुण्याला पाणी देताना तांब्या भरून आणि सोबत रिकामं फुलपात्र. ज्याला जेवढं पाहिजे तेवढं त्यानं ओतून घ्यायचं. ग्लास भरून द्यायचा नाही, कारण अर्धा ग्लास उष्टा राहतो आणि फेकावा लागतो. आता सगळ्यांकडं ट्रेमध्ये ग्लास येतात. आम्ही अजून तांब्या फुलपात्रच देतो, पोरं लाजतात कधी कधी मित्र आले की, पण मी सोडणार नाही.

दगडी_ज्वारी

जालन्याहून. मी लिहितो दळणाचं, कारण माझ्या मते घराचा आठवडा पाण्यावर जेवढा चालतो तेवढाच दळणावर चालतो आणि हे काम आता लोक सोडायलेत, पॅकेटचं पीठ आणतात, आणि मग भाकरी थापता येत नाही म्हणून पोरींना बोलतात. पोरींची काही चूक नसते.

ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे पीठ धरून ठेवायची ताकद, असते तोपर्यंतच भाकरी थापली जाते. गव्हात चिकटपणा मुळातच असतो, ज्वारीत तो नसतो, म्हणून पीठ जसं जुनं होतं तशी विरी जाते, कडा फाटतात, परातीतून उचलताना तुकडा पडतो. आठ दहा दिवसांच्या वर ज्वारीचं दळण ठेवू नये. आमच्याकडं दर रविवारी चार किलो, माणसं पाच. विरी गेलेलं पीठ असेल तर उकळत्या पाण्यात थोडं पीठ आधी भिजवून घ्या, मग बाकीचं मिसळून तळहाताच्या खालच्या बाजूनं रगडा, भाकरी जमते, चव मात्र ताज्याची येत नाही.

गिरणीत पण एक रीत आहे. आपल्या आधी कुणाचं काय दळलं ते बघायचं. गव्हावर ज्वारी टाकली की पहिलं ओंजळभर पीठ मिक्स येतं. आमच्या गिरणीवाले मामा ज्वारीचे डबे एका रांगेत, गव्हाचे दुसऱ्या, आणि डाळी शेवटी लावतात. त्या रांगेवरून कुठल्या घरी काय चाललंय ते मामांना कळतं. हरभऱ्याची डाळ जास्त आली की लग्न नाहीतर दिवाळी. भाजणी आली की लेक बाळंतपणाला आलेली. माझे वडील वारले तेव्हा पुढच्या रविवारी मी डबा ठेवला तर मामांनी वजन केलं आणि काहीच न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. किलोभर कमी होतं दळण.

लातूरची_सून

दादा...

तिसरा_मजला

हे सगळं वाचून मला थोडं वाईट वाटतंय खरं सांगायचं तर. मी नवीन अपार्टमेंटमध्ये राहते, आमच्याकडं टँकर येतो तो थेट खालच्या टाकीत, पंपाने वर, नळ फिरवला की पाणी. पाण्याचा वार नावाची गोष्टच मला माहीत नव्हती. आठ वाजता निघते आठला येते, शेजारच्या फ्लॅटमधल्या काकूंचा चेहरा ओळखते पण नाव नाही. दळण ऑनलाईन. इथं गल्लीच नाही तर सुरुवात कुठून करायची?

वाळ्याची_ताटी

ताई एखादी वाटी सुशीला करून नेऊन द्या काकूंना. वाटी रिकामी परत येत नाही आपल्याकडं.

नाथसागर

मी पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस आहे, रिटायर झालो. धरण भरलं तरी आमचा वार तोच का, हे मला लग्नात, मुंजीत, सगळीकडं विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ ला शास्त्रीजींच्या हस्ते झाली आणि १९७६ ला लोकार्पण. धरण मोठंच आहे, २७ दरवाजे, डावा कालवा तर २०८ किलोमीटर थेट परभणीच्या बाजूला जातो. पण कालव्याचं पाणी उतारानं जातं. संभाजीनगर धरणापेक्षा उंचावर आहे आणि पन्नासेक किलोमीटर लांब, म्हणजे प्रत्येक थेंब पंपानं ढकलून चढवायचा. म्हणून धरणात किती आहे त्यापेक्षा पाईप केवढा, पंप किती आणि उंचावरच्या टाक्या किती यावर तुमचा वार ठरतो. मधे वीज गेली की पंप थांबतात, पाईपात हवा भरते, परत पाणी चालू करून सगळी हवा बाहेर पडून प्रेशर यायला काही तास जातात. एका दुपारची लाईट गेली की सगळ्या लाईनी एकेक पुढं सरकतात. तुमच्या मिसेसना ताटलीच्या आधी जो सूं आवाज येतो ना, ती तीच हवा.

विशेष म्हणजे याच गावात चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं नहर बांधली तेव्हा पंप नव्हता. उत्तरेकडच्या डोंगरातलं झिरपलेलं पाणी जमिनीखालून, उतार राखून, खापराच्या नळातून आणलं, आणि मधे मधे उंच मनोरे, म्हणजे हवा निघून जाईल आणि दाब सांभाळला जाईल. हवा तेव्हा पण अडचण करायची आणि त्यावर उपाय तेव्हा पण होता. पाणचक्कीची नहर त्यानंतरची, पण तिथं जाता तेव्हा नुसते मासे बघून येऊ नका, पाणी कुठून चढतं ते बघा.

आणि हात जोडून एक सांगतो. नळाला थेट टिल्लू मोटर लावू नका. लावली की तुमच्या पुढच्या घरांना पाणी जात नाही, आणि लाईनीत कुठं बारीक गळती असेल तर मोटर तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढते. काविळीची साथ एकाच गल्लीत येते त्याला बऱ्याच वेळा हे कारण असतं. हौदात पडू द्या, हौदातून वर चढवा. फर्स्टशिफ्ट, तुमच्या समोरच्या आजींच्या नळाला प्रेशर नाही म्हणालात, उंचवटा असेलही, पण एकदा वारच्या दिवशी गल्लीतून चक्कर मारून बघा कुणाची मोटर थेट नळावर आहे का.

फर्स्टशिफ्ट

काल आमचा वार होता. मिसेस भाच्याच्या बारशाला माहेरी गेलीय, चार दिवस, म्हणून सगळं माझ्याकडं होतं. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परवा दुपारी टिपाडं काढली, राहिलेलं पाणी बादल्यात घेतलं आणि त्यानंच आतून घासली, आशाताई म्हणाल्या तशी वरची रेष. काळी पावडर निघाली, मी धूळच म्हणलो असतो. उन्हात पालथी घातली. रात्री नळ उघडा करून ताटली ठेवली आणि सोफ्यावर झोपलो म्हणजे आवाज जवळ. झोप कसली, दर अर्ध्या तासाला उठून बसायलो. कंपनीत बॉयलर सांभाळला तेव्हा एवढी धास्ती नव्हती. तीन वाजून दहा मिनिटांनी हवा आली. मग टण.

मी पाईप लावायला गेलो तर कोपऱ्यावरच्या काकू गेटवर, कडी तीन वेळा वाजवून उभ्या, त्यांना माहीत होतं मिसेस नाही ते. म्हणल्या भाऊजी आधी गढूळ जाऊ द्या, फडकं बांधा. फडकं कुठं असतं ते मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं, दाराच्या मागं खुंटीला.

घागर, कळशी, हंडे, टाकी. मग हौद. मोटर चालू करून नाथसागर काका म्हणले म्हणून बॅटरी घेऊन गल्लीत गेलो. एका घराची मोटर थेट नळाला होती, नवीन राहायला आलेत, पोरगा पंचविशीतला, त्याला मी आजींचं घर दाखवलं आणि त्यांच्या नळाची धार दाखवली, करंगळीएवढी. भांडण काही झालं नाही, त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं मोटर काढली, आणि आजींची धार पाच मिनिटात दुप्पट झाली, माझ्या डोळ्यासमोर. नऊ वर्षांची अडचण एकट्या त्या मोटरीची नाही, उंचवटा आहेच, म्हणून पाईप ओढून राहिलेला हौद भरून दिला. आजी काठी घेऊन पायरीवर बसल्या होत्या, म्हणल्या ती कुठाय? म्हणलं माहेरी. मग म्हणल्या तू कोण? म्हणलं तिचा मालक. बराच वेळ बघत होत्या माझ्याकडं.

साडेपाचला सगळं झालं. फर्स्टची बस आली तेव्हा मी रस्त्यावरचा पाईप गुंडाळत होतो, खिडकीतून दोघातिघांनी हात केला.

सहाला मिसेसचा फोन. पहिलं काय भरलं? म्हणलं पिण्याची घागर. फडकं? बांधलं. आजींचा हौद? भरला. झाकण लावलं का त्याचं, त्यांना उचलत नाही ते.

मी फोन चालूच ठेवून चप्पल घातली.